अर्धवट प्रश्न चालेल

वैशालीला ‘प्लीज हेल्प’ हे दोन शब्द अजिबात चालत नसत. पुढे तीन-चार उद्गारचिन्हं असली तर मग बघायलाच नको. “मदत मागायला आलात ते दिसतंयच की,” ती मोबाइलकडे बघत पुटपुटायची, “काय होतंय ते लिवा ना आधी.” आणि मग त्या बिचाऱ्या आईला किंवा बापाला तिचं ठरलेलं उत्तर जायचं. मुलाचं वय, वजन, त्रास काय, कधीपासून, तुम्ही काय केलंत, तुमचे डॉक्टर काय म्हणाले, आणि शेवटी तुमचा प्रश्न. प्रश्न एकच. दुसरा असेल तर पहिल्याचं उत्तर मिळाल्यावर.

हे सगळं व्हॉट्सॲपच्या एका गटावर चालायचं. ज्यांच्या मुलांचे स्नायू जन्मापासून दुबळे आहेत, दिवसेंदिवस आणखी दुबळे होत जाणार आहेत, अशा आईबापांचा गट. महाराष्ट्रभरातली माणसं त्यात होती. आणि त्यांना फुकट सल्ला देणारी चार-पाच भली माणसं होती. सांगलीकडचे एक लहान मुलांचे डॉक्टर, नाशिकची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी, परदेशात असलेल्या एक डॉक्टरीणबाई, आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायला शिकवणारा एक इंजिनिअर बाप. ही माणसं आपापली कामं सांभाळून, जेवता जेवता, मधल्या सुट्टीत उत्तरं लिहायची. वैशाली यायच्या आधी त्या गटावर फुलांची शुभ सकाळ, देवांचे फोटो आणि ‘अर्जंट’ यांचा एवढा गाळ साचलेला असे, की खरा प्रश्न शोधायला दोन जण बसवावे लागले असते. ती ॲडमिन झाली आणि सहा महिन्यांत तिनं तो गाळ उपसला. त्यामुळे तिच्यावर जीव टाकणारे होते, तसे तिला ‘हेडमास्तरीण’ म्हणणारेही होते. मास्तरीण खरं तर मी होते, तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. पण माझ्या वर्गात एवढी शिस्त कधी नव्हती.

आकुर्डीत आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर राहायची, मी दुसऱ्या. तळमजला मुद्दाम घेतलेला, सईच्या खुर्चीसाठी. सई तिची मुलगी, अकरा वर्षांची. मान थोडी कललेली, हातपाय काडीसारखे आणि जीभ मात्र एकदम ठणठणीत. खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब घ्यायची. मी भाजी घेऊन आले की पिशवीत काय आहे हे सांगितल्याशिवाय मला जिना चढता येत नसे.

वैशाली आणि तिचा नवरा दिलीप दोघं लातूरकडचे, दोघंही कारखान्यात. तो भोसरीला वेल्डर, ती चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. म्हणजे तयार झालेला भाग गेज, म्हणजे मापाचं साधन, लावून तपासायचा, बरोबर असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर लाल टॅग लावून लाल पेटीत टाकायचा. दोघं मुद्दाम उलट्या शिफ्ट घेत, म्हणजे एक जण सईजवळ राहील. एकाची बस यायची आणि दुसऱ्याची निघालेली असायची, तेवढ्या मधल्या वेळात मी खाली जाऊन बसायची. दिलीप फारसा बोलत नसे. घरात आला की हात धुऊन आधी सईच्या पायांना तेल लावायला बसायचा, मग चहा.

माझी त्या गटात भरती झाली ती इंग्रजीमुळे. परदेशातल्या डॉक्टरीणबाई इंग्रजीत लिहायच्या, तेही भरपूर. एक दिवस वैशाली ते उत्तर घेऊन वर आली. मी चष्मा लावला, वाचलं, आणि सवयीप्रमाणे सुरुवातीपासून समजावून सांगायला लागले. तिनं दोन मिनिटं ऐकून घेतलं.

“बाई,” ती म्हणाली, “गोष्ट मागून सांगा. आधी उत्तर काय आहे ते सांगा.”

मला आयुष्यात असं कोणी बोललं नव्हतं. मी निमूटपणे उत्तर सांगितलं. ते मराठीत लिहूनही दिलं. तिनं ते वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. मी ‘शक्यतो हे औषध टाळा’ असं लिहिलं होतं. तिनं विचारलं, हे ‘शक्यतो’ त्या बाईंनी लिहिलंय की तुम्ही घातलंय? मी पुन्हा इंग्रजी पाहिलं. मीच घातलं होतं, वाक्य जरा मऊ व्हावं म्हणून. तिनं ते काढायला लावलं. म्हणाली, आईबाप त्या ‘शक्यतो’ला धरून लोंबकळतात हो, आणि औषध देतात. तेव्हापासून मी तिच्या गटाची दुभाषी झाले आणि माझ्या प्रत्येक वाक्याला गेज लागू लागला.

सई तिच्या आईची नक्कल इतकी छान करायची, की वैशालीलाही हसू आवरायचं नाही. एका उन्हाळ्याच्या दुपारी मी खाली गेले तर सईनं गंभीर चेहऱ्यानं सुरुवात केली. “नाव सई. वय अकरा. त्रास उकाडा, सकाळपासून. केलेले उपाय पंखा आणि ताक. डॉक्टर म्हणजे पप्पा काही बोलत नाहीत. प्रश्न एकच, आइस्क्रीम मिळेल का?” मी जाऊन आणलं. खाऊन झाल्यावर तिनं ओठ पुसून घेतले आणि सांगितलं, “उपाय लागू पडला. पुढच्या पेशंटला चालेल.”

हा शेवटचा भाग म्हणजे वैशालीच्या नियमांतला तिचा सगळ्यात लाडका नियम. मागे येऊन सांगा. सल्ला मिळाला, तुम्ही तसं केलंत, पुढे काय झालं? बरं वाटलं की नाही? ते लिहून जा. कारण उद्या दुसरी आई हाच प्रश्न घेऊन येणार आहे. माणसं धन्यवादाचे हात जोडून गायब होतात याचा तिला फार राग यायचा. फुकट मिळालं त्याची परतफेड एवढीच आहे, आणि तीही लोकांना जड जाते, असं ती म्हणायची.

नियम मोडणाऱ्यांत सगळ्यात नामी होते तापकीर. चाकणच्या बाजूचे जुने गावकरी, जमिनीवर कारखाने आले तसे दोन मोठ्या गाड्या आणि गळ्यात जाड साखळी आलेले. नातवाला हाच आजार. गटावर लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यांनी नाशिकच्या फिजिओथेरपिस्ट मुलीचा नंबर काढला आणि तिला सकाळ-संध्याकाळ फोन सुरू केले. आंब्याच्या पेट्या घेऊन माणूस पाठवला. ती मुलगी घाबरली आणि गट सोडते म्हणाली. वैशालीनं तापकिरांनाच गटातून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी आमच्या दारात. मी नेमकी खाली बसलेली. तापकीर दारातूनच म्हणाले, “ताई, आमी काय चोरी केली का? डॉक्टरला फोन केला. नातवासाठी केला.”

वैशालीनं त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं, तुमचे चार फोन घेताना तिनं बाकी किती पोरांना उत्तर दिलं नसेल? तापकीर म्हणाले, आमचं पोरगं एकुलतं हाय. वैशालीनं नुसतं सईकडे पाहिलं. सई त्यांना म्हणाली, आजोबा, तुमची गाडी खूप भारी आहे. मग वैशालीनं त्यांच्यासमोर कागद-पेन ठेवलं आणि प्रश्न लिहायला बसवलं. वय, वजन, त्रास, कधीपासून. वजन त्यांना माहीत नव्हतं. घरी फोन लावून विचारलं, घरातही माहीत नव्हतं. तो मोठा माणूस त्या खुर्चीत बसल्या बसल्या एकदम लहान झाल्यासारखा दिसायला लागला. “वजनबी म्हाईत न्हाई आमाला,” तो हळूच म्हणाला, “आन् फोन करतोय.”

वैशालीनं त्यांना परत गटात घेतलं, आणि त्यानंतर तापकिरांइतका नियम पाळणारा माणूस त्या गटात झाला नाही. कोणाचं मूल दवाखान्यात न्यायचं असलं आणि ते पिंपरी-चिंचवड भागातलं असलं, की त्यांची गाडी जायची. तसा शब्दच त्यांनी दिला होता, आणि पाळला.

एकदा मात्र माझं आणि वैशालीचं चांगलंच वाजलं. परभणीकडची एक आई होती, खूप प्रश्न विचारणारी. तिचा मुलगा गेला. कळलं ते दुसऱ्याच कोणाकडून. गटावर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली आणि ती बाई काही न लिहिता गटातून निघून गेली. मुलाचं दिवसकार्य झालं, आणि वैशालीनं तिला स्वतंत्र निरोप लिहिला. जमेल तेव्हा, सवडीनं, शेवटी काय काय झालं ते सांगाल का. मला हे कळलं तेव्हा मी खाली जाऊन तिला बोलले. म्हटलं, काही माणुसकी आहे की नाही? ज्याचं जळतं त्याला कळतं. तिला आता सोडून दे.

ती लसूण सोलत होती. आतल्या खोलीत सईचा टीव्ही चालू होता. तिनं आवाज बारीक केला.

“बाई, कंपनीत पार्ट खराब निघाला की आम्ही त्याला लाल टॅग लावतो. ऑपरेटरला वाटतं लपवावा. लाज वाटते, बोलणी बसतात. पण त्यानं लपवला तर मशीन तसंच चालू राहतं. पुढचे पण तसेच निघतात.”

“मुलं म्हणजे पार्ट नव्हेत, वैशाली.”

“नाहीतच. म्हणून तर म्हणते.” तिनं सालं गोळा केली. “चांगलं झालेलं निदान काही जण तरी येऊन सांगतेत. वाईट झालेलं कुणीच सांगत नाही. मग आमाला कसं कळायचं, काय करू नये ते? आमच्यावर आली वेळ तर मला पण लिवावंच लागंल. उगं दुसऱ्याला सांगायचं म्हणून सांगत नाही मी.”

मी वर निघून आले. परभणीच्या बाईंचं उत्तर आलं नाही. वैशालीनंही पुन्हा विचारलं नाही.

तिच्या कामातली आणखी एक सवय इथे सांगायला हवी. एका रीडिंगवर तिचा विश्वास नसे. कंपनीत एखादं माप चुकीचं आलं तर गेज पुसायचा, भाग पुसायचा, पुन्हा मापायचं. तिसऱ्यांदाही तेच आलं तरच चुकीचं म्हणायचं, नाहीतर चांगलं काम फुकट जातं आणि मशीनवाल्यावर उगाच बालंट येतं. घरीही तसंच. सईचा ताप तीनदा बघितल्याशिवाय ती ताप आहे असं म्हणायची नाही. गटावरही तिनं हेच शिकवलं होतं. आकडा एकदाच बघून घाबरू नका, पुन्हा बघा, मग लिहा. बऱ्याच घरांतली घबराट त्यामुळे कमी झाली होती, हे खरंच आहे. आणि पहिला नियम तिनंच सगळ्यात वर लिहून ठेवला होता, की जिवाची घाई असेल तर इथे विचारत बसू नका, दवाखाना गाठा.

त्या आठवड्यात वैशाली दुसऱ्या पाळीला होती, म्हणजे सकाळी घरी. दिलीप पहाटेच गेलेला. सईला आदल्या दिवसापासून सर्दी होती. अशा मुलांना सर्दी म्हणजे साधी गोष्ट नाही. खोकून कफ बाहेर काढायलाही स्नायू लागतात, आणि तेच नसतात. मी माझ्या चहाचा कप घेऊन मोबाइल उघडला तेव्हा गटावर वैशालीचा प्रश्न आलेला होता. तिचा स्वतःचा प्रश्न मी पहिल्यांदाच पाहत होते. अगदी तिच्या नियमांप्रमाणे लिहिलेला. वय, वजन, सर्दी कालपासून, सकाळपासून श्वास जलद. मिनिटाला श्वास किती, ताप किती, बोटाला ऑक्सिमीटर लावून आलेला आकडा किती, तीनही वेळचे. केलेले उपाय वाफ आणि पाठीवर थापट्या. प्रश्न एकच, दवाखान्यात न्यावं का?

त्याखाली सांगलीच्या डॉक्टरांचं उत्तर लगेच आलेलं होतं. इंग्रजीत होतं, पण भाषांतर करण्यासारखं त्यात काही नव्हतं. ताबडतोब न्या, एवढंच.

मी तशीच खाली धावले. वैशालीनं सईला उचलून घेतलं होतं आणि ती तापकिरांना फोन लावत होती. त्यांचा पुतण्या जवळच निगडीत होता, गाडी लगेच आली. दिलीपला कळवायचं होतं, पण त्याच्या कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. मी गेटवरच्या माणसाला फोनवर समजावत राहिले. सईचे डोळे उघडे होते. ती बोलत नव्हती. 

दवाखान्यात तिला श्वासाचं यंत्र लावलं. त्यानंतरचे काही दिवस मी सांगत नाही. एका संध्याकाळी दिलीप बाहेर बाकावर येऊन बसला आणि त्यानं दोन्ही हात आपल्याच गुडघ्यांवर तेल लावल्यासारखे फिरवायला सुरुवात केली. तेव्हा मला कळलं, सई गेली.

मी वैशालीजवळ होते तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला समजावलं. चांगला तरुण माणूस होता. छाती भरलीच होती, म्हणाला, थोडं लवकर आणलं असतं तरी कदाचित फरक पडला नसता. वैशालीनं त्याच्याकडे पाहिलं. रडून तिचा आवाज बसलेला होता.

“फरक पडला नसता असं म्हणताय, की सांगता येत नाही असं म्हणताय?”

तो म्हणाला, “सांगता येत नाही.”

तिनं मान हलवली. मला तिचं तोंड दाबून धरावंसं वाटलं. माणसानं दिलेलं एवढंसं ‘कदाचित’ तरी तिनं पदरात घ्यायला हवं होतं. पण तिनं माझं ‘शक्यतो’ ठेवलं नव्हतं, तर त्याचं ‘कदाचित’ ती कुठून ठेवणार?

गटावर श्रद्धांजलीची रांग लागली. ‘सईची आई’ म्हणून सगळे तिला ओळखायचे, त्यामुळे रांग फार मोठी होती. ती काहीच लिहीत नव्हती. लातूरला जाऊन दिवस करून दोघं परत आली. खिडकीशी रिकामी खुर्ची तशीच होती. मी भाजीची पिशवी घेऊन तिथून जाताना अजूनही क्षणभर थांबायची, काय काय आणलं ते सांगण्यासाठी.

एके दुपारी तिनं मला खाली बोलावलं. दिलीप भिंतीला टेकून बसला होता. ती म्हणाली, लिहायचंय, तुम्ही जवळ बसा. मी तिला म्हटलं, लिही, पण आजाराचं लिही. त्या तीन रीडिंगचं लिहू नकोस. तुझी काही चूक नाही. दिलीप इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही बोलला.

“राहू दे ना ते, वैशा. लोक काय म्हणतील तुला.”

“म्हणू देत,” ती म्हणाली. “मी परभणीच्या बाईला लिवा म्हणाले होते.”

तिनं मोबाइल मांडीवर घेतला आणि लिहायला लागली. मधेमधे थांबायची, पुसायची, पुन्हा लिहायची. माझ्याकडे देऊन म्हणाली, शुद्धलेखन तेवढं बघा. मी शुद्धलेखनही बघू शकले नाही. ते असं होतं:

“सई, वय अकरा. मागे येऊन सांगत आहे. आदल्या दिवसापासून सर्दी होती. सकाळी श्वास जोरात चालला होता. पहिल्याच रीडिंगला ऑक्सिजन कमी आला. मला वाटलं बोट गार आहे. बोट चोळून थोड्या वेळाने परत घेतलं. मग तिसरं घेतलं. मग प्रश्न लिहिला, सगळं नीट लिहिलं. डॉक्टरांनी लगेच सांगितलं, न्या. पण तोपर्यंत माझा वेळ गेला होता. छातीत कफ भरला होता. सई गेली. लवकर नेलं असतं तर राहिली असती का, ते सांगता येत नाही. पहिला नियम मीच लिहिला होता, मीच मोडला. तीनदा बघा असं पण मीच सांगितलं होतं, ते श्वासाला लागू नाही. श्वासाचा त्रास असेल तर मोजू नका. निघा. वाटेत लिहा. अर्धवट प्रश्न चालेल.”

पाठवल्यावर तिनं मोबाइल पालथा ठेवला. दिलीप उठून आत गेला आणि मग आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला. मोठ्यानं रडणारा दिलीप मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वैशाली त्याच्याकडे गेली. मी दार ओढून घेऊन वर आले.

संध्याकाळपर्यंत गटावर कोणी काही लिहिलं नाही. हात जोडलेलं चित्रसुद्धा नाही. मग कोल्हापूरकडच्या एका बापानं लिहिलं, की त्याचा मुलगा मागल्या वर्षी गेला, त्यानं सांगितलं नव्हतं, आता सांगतो. त्यानं काय झालं ते सांगितलं. मग आणखी एका आईनं. कोणीतरी वैशालीचं लिहिलेलं परभणीच्या बाईंनाही पाठवलं असावं, त्यांनी वैशालीला स्वतंत्र निरोप पाठवला, मला पुन्हा गटात घ्या, मला लिहायचं आहे. तिनं घेतलं. त्या आठवड्यात तिथं जे जे लिहून आलं ते वाचणं सोपं नव्हतं. परदेशातल्या डॉक्टरीणबाईंनी ते सगळं एकत्र करून, काय दिसलं की लगेच निघायचं ते साध्या भाषेत मांडलं. त्याचं मराठी मी केलं. वैशालीनं ते तपासलं आणि या वेळी एकही शब्द काढायला लावला नाही. ते आता गटाच्या अगदी वरती असतं, आणि त्याच्याही वर तिची शेवटची तीन वाक्यं.

सईची खुर्ची गटातल्याच एका घरी गेली. कोणाला द्यायची ते तापकिरांनी ठरवलं, वैशालीनं विचारलंही नाही. काही महिन्यांनी वैशाली-दिलीपनं चाकणला, तिच्या कंपनीजवळ खोली घेतली. दिलीपला ती खिडकी सहन होत नव्हती, आणि आता तळमजल्याची गरजही नव्हती.

सामान हलवायच्या दिवशी सकाळी मी खाली उभी होते. टेंपो जवळपास भरला होता. वैशाली पाण्याचा माठ दोन्ही हातांत धरून बाहेर येत होती. तेवढ्यात समोरच्या खोलीत नुकतीच राहायला आलेली पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन धावत आली. नवरा कामावर, आणि या ताईंना आजारपणातलं कळतं एवढंच तिनं कोणाकडून तरी ऐकलेलं. “ताई, हा बघा ना कसं करतोय, रात्रीपासून दूधच—” एवढंच ती बोलली आणि रडायला लागली.

मी वैशालीकडे पाहत होते. वर्षानुवर्षं ऐकलेले प्रश्न माझ्याच ओठांवर आले होते, वय काय, कधीपासून, ताप आहे का. वैशालीनं बाळाच्या छातीकडे एकदा पाहिलं. माठ तिथेच पायरीवर ठेवला, बाळ आपल्या हातात घेतलं आणि रस्त्याकडे चालू लागली. ती पोरगी मागून अनवाणी, रडत, काहीतरी सांगत.

“वाटेत सांग,” वैशाली म्हणाली.

नियमाप्रमाणे पुढचं सांगून ठेवते, ते बाळ बरं झालं, आता जिन्याच्या पायऱ्या चढायला बघतं. पण वैशाली मला दिसली ती तीच शेवटची. दुपारी तिनं दिलीपला फोन करून सामान घेऊन निघायला सांगितलं, दवाखान्यातून ती परस्पर चाकणला गेली, आणि तेव्हापासून आमचं जे बोलणं होतं ते गटावरच. त्या सकाळी त्या दोघींना घेऊन गेलेली रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, उशीर होतोय म्हणत होता. दिलीप माठाशेजारी पायरीवर बसला होता. त्यानं टेंपोवाल्याकडे बघितलंही नाही.

“जाऊ दे तिला,” तो म्हणाला. “आपण थांबू.”